भट्टीतील आग आणि हवेची वाट

कुंभाराच्या कामातील सर्वांत अनिश्चित घटका कोणती, असे विचारले असता पुष्कळांच्या डोळ्यांसमोर फिरते चाक उभे राहते. परंतु चाकावर बिघडलेला गोळा पुन्हा तुडवून नव्याने घडविता येतो आणि सुकताना वाकडे झालेले भांडे पाण्यात भिजविले की त्याची माती परत मिळते. भट्टीत तडकलेल्या भांड्याची मात्र पुन्हा माती होत नाही. कित्येक दिवसांचे श्रम आणि इंधनासाठी मोजलेला पैसा एका रात्रीत पणाला लागतो.

आवा उघडला की त्यातून काही भांडी तांबूस व खणखणीत निघतात, काही फिकट व ठिसूळ राहतात, काही काळवंडतात, तर काहींना तडे गेलेले असतात. माती एक, घडविणारा हात एक आणि आगही एकच असताना असा भेद का पडावा? याचे उत्तर असे की, आग एकच नव्हती. भट्टीच्या निरनिराळ्या भागांत हवा कमीअधिक पोहोचली, तापलेले वायू कोठे वेगाने गेले, तर कोठे रेंगाळले, आणि त्यानुसार प्रत्येक भांड्याच्या वाट्याला वेगळी आग आली. भट्टी म्हणजे आग कोंडून ठेवणारी पेटी, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः भट्टी ही हवेची वाट असते. हवा कोठून आत यावी, इंधनाला कोठे भेटावी, भांड्यांमधून कशी जावी आणि कोठून बाहेर पडावी, हे ठरविणारी रचना म्हणजे भट्टी होय.

उष्णतेमुळे मातीत काय घडते

सुकलेले भांडे कोरडे दिसले तरी त्याच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी उरलेलेच असते. १०० अंश सेल्सिअस तापमानाला त्याची वाफ होते आणि वाफ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा व्यापते. आच सावकाश वाढली तर ही वाफ छिद्रांतून निघून जाते. आच एकदम वाढली तर तिला वाट मिळत नाही आणि भांडे आवाज करून फुटते. म्हणून अनुभवी कुंभार पहिले काही तास नुसता शेक देतो.

यानंतर मातीच्या कणांत रासायनिक रीत्या बांधलेले पाणी सुटू लागते. चिनी मातीतील मुख्य खनिज जे केओलिनाइट, त्याच्या वजनात असे पाणी सुमारे १४ टक्के असते आणि ते साधारणपणे ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान बाहेर पडते. हे पाणी एकदा गेले की ती माती पाण्यात कालवूनही पुन्हा मऊ होत नाही. याच टप्प्यात, ५७३ अंशांवर, मातीतील गारगोटीच्या स्फटिकांची रचना पालटते आणि त्यांचे आकारमान एकाएकी सुमारे एक टक्का वाढते. भांड्याची एक बाजू या तापमानाच्या वर आणि दुसरी खाली असेल, तर त्यांच्यातील ताण भांड्याला सहन होत नाही. पुढे ८०० ते ९०० अंशांपर्यंत मातीतील सेंद्रिय द्रव्यांचा कार्बन जळून जातो, परंतु त्यासाठी भांड्यांभोवती मोकळी हवा असावी लागते. ती न मिळाल्यास भांड्याच्या जाडीत काळा गाभा शिल्लक राहतो आणि उच्च तापमानाला तेच भांडे फुगते.

साधी तांबडी भांडी बहुधा ७०० ते १,००० अंशांच्या दरम्यान भाजली जातात. स्टोनवेअर या नावाने ओळखली जाणारी घट्ट, दगडासारखी भांडी १,२०० ते १,३०० अंशांवर तयार होतात. म्हणजे केवळ पुष्कळ उष्णता निर्माण करून भागत नाही. ती ठरावीक गतीने वाढावी लागते आणि सर्व भांड्यांना सारखी मिळावी लागते. या दोन्ही गोष्टी हवेच्या नियंत्रणावर अवलंबून आहेत.

इंधन आणि हवा यांचा हिशेब

लाकूड, कोळसा, भुसा, गोवऱ्या, तेल यांपैकी कोणतेही इंधन जळते ते हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून. हवेत ऑक्सिजन घनफळाने सुमारे २१ टक्केच असतो. उरलेला भाग मुख्यतः नायट्रोजनचा असून तो ज्वलनाला मदत करीत नाही. तो थंड येतो, तापतो आणि उष्णता घेऊन धुराड्यातून निघून जातो.

एक किलोग्रॅम कार्बन पूर्णपणे जळण्यास सुमारे साडेअकरा किलोग्रॅम हवा लागते. उन्हाळ्यातील साध्या तापमानाला या हवेचे आकारमान जवळजवळ १० घनमीटर भरते. वायू तापला की प्रसरण पावतो. २७ अंशांची हवा १,२२७ अंशांपर्यंत तापविली तर तिचे आकारमान पाचपट होते. याचा अर्थ असा की, भट्टी पूर्ण तापलेली असताना जळणाऱ्या प्रत्येक किलोग्रॅम कार्बनमागे सुमारे ५० घनमीटर तप्त वायू भांड्यांमधून वाट काढीत बाहेर पडत असतो. भट्टीत हवेचा प्रवाह किती मोठा असतो आणि भांडी रचताना ठेवलेल्या बोटभर फटींना महत्त्व का असते, हे यावरून लक्षात येईल.

हवा अपुरी पडली तर कार्बनचे ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. पूर्ण ज्वलनात एक किलोग्रॅम कार्बनपासून सुमारे ७,८०० किलोकॅलरी उष्णता मिळते. ज्वलन कार्बन मोनॉक्साइडपाशीच थांबले तर ती सुमारे २,२०० किलोकॅलरीच भरते. इंधन तेवढेच खर्च होते, पण उष्णता एक तृतीयांशाहूनही कमी मिळते. शिवाय हा वायू विषारी असून त्याला रंग वा वास नसतो. म्हणून बंदिस्त खोलीत भट्टी लावणे प्राणावर बेतू शकते.

याउलट, हवा गरजेपेक्षा फार आली तर ज्वलन पूर्ण होते, परंतु तीच उष्णता अधिक वायूत वाटली जाते. हवा दुप्पट झाली की ज्वालेचे तापमान जवळजवळ निम्म्यावर येते. कित्येकदा भट्टी एका ठरावीक तापमानापाशी अडून बसते आणि भट्टी लावणारा घाबरून अधिकाधिक इंधन टाकू लागतो. अशा वेळी प्रथम पाहावयाचे ते हवा कमी आहे की जास्त हेच. हवा कमी असता इंधन वाढविले तर धूर तेवढा वाढतो, भट्टी तापत नाही.

इंधनाचा ओलावा हाही या हिशेबात धरला पाहिजे. एक किलोग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी खर्ची पडतात. ओल्या लाकडातील पाणी हा वाटा आधी घेते, भांड्यांच्या वाट्याला उरलेली उष्णता येते.

उघडा आवा

भारतातील बहुसंख्य कुंभारांनी शतकानुशतके वापरलेला आवा हा भट्टीचा सर्वांत साधा प्रकार. जमिनीवर किंवा उथळ खड्ड्यात गोवऱ्या, काटक्या व पेंढा यांचा थर देऊन त्यावर भांडी रचतात, मधल्या जागांत पुन्हा इंधन भरतात आणि वरून पेंढा, खापऱ्या, राख व चिखल यांचे आच्छादन घालतात. येथे भिंती नाहीत, धुराडे नाही. तरीही हवेचे नियंत्रण आहे. वरच्या आच्छादनामुळे आग भडकत नाही, धुमसत राहते. कुंभार कडेच्या छिद्रांपैकी काही उघडतो, काही बुजवितो. वारा ज्या बाजूने वाहतो तिकडे तो आच्छादन जाड करतो.

अशा आव्याला बांधकामाचा खर्च नाही आणि शेतातील टाकाऊ वस्तू त्यात इंधन म्हणून चालतात. त्याची मर्यादाही उघड आहे. इंधन आणि भांडी एकत्र असल्यामुळे भांड्याला ज्वाला थेट भिडते, उष्णता चहूबाजूंनी निसटते आणि तापमान सहसा ९०० अंशांपलीकडे जात नाही. मधली भांडी पक्की भाजतात, कडेची कच्ची राहतात. पाण्याचा माठ, पणती किंवा कुल्हड यांना एवढी आच पुरते. चिनी मातीच्या झिलईदार बरणीला ती पुरत नाही.

वर जाणारी ज्वाला

इंधन आणि भांडी यांना वेगळे करणे ही या विद्येतील पहिली मोठी पायरी. सिंधू संस्कृतीच्या हडप्पा व मोहेंजोदडो या नगरांच्या अवशेषांत अशा भट्ट्या सापडल्या आहेत. खाली अग्निकोष्ठ, त्यावर मधल्या खांबाने तोलून धरलेली छिद्रांची जमीन आणि त्या जमिनीवर भांडी, अशी त्यांची रचना होती. ज्वाला छिद्रांतून वर येई आणि भांड्यांमधून जाऊन माथ्यावाटे बाहेर पडे. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी तप्त हवा वर जाते या निसर्गनियमाचा येथे सरळ उपयोग केलेला दिसतो.

परंतु या रचनेत एक मूलभूत दोष आहे. वर चढणाऱ्या वायूंच्या वाटेत एखादी फट इतरांपेक्षा किंचित अधिक तापली, तर तेथील वायू अधिक हलका होतो व अधिक वेगाने वर चढतो. त्यामुळे त्याच फटीतून आणखी तप्त वायू ओढला जातो आणि ती आणखी तापते. एकदा पडलेला भेद असा वाढतच जातो. आग आपली एक आवडती वाट धरते आणि शेजारची भांडी उपाशी राहतात. तळाची भांडी जळू लागली तरी माथ्याची कच्ची, हा अनुभव अशा भट्टीत नित्याचा आहे.

खाली वळविलेली ज्वाला

यावर निघालेला तोडगा प्रथमदर्शनी उलटा वाटतो. ज्वालेला आधी छतापर्यंत नेऊन मग भांड्यांमधून खाली उतरावयास लावणे, हा तो तोडगा. उत्तर चीनमधील जुन्या भट्ट्यांत ही कल्पना मोठ्या प्रमाणावर वापरली गेली होती. उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यात असलेल्या खुर्जा या गावी विसाव्या शतकात चिनी मातीच्या भांड्यांचा जो उद्योग वाढला, तो कोळशावर चालणाऱ्या अशाच गोल भट्ट्यांच्या आधाराने.

या भट्टीच्या परिघावर ठरावीक अंतराने अग्निकोष्ठ असतात. प्रत्येक कोष्ठासमोर आतल्या बाजूस एक आडभिंत उभारलेली असते. तिला आपटून ज्वाला वर घुमटाकडे जाते, तेथे पसरते आणि मग भांड्यांच्या रांगांमधून खाली येते. जमिनीला छिद्रे असतात. त्यांखालील भुयारी मार्गाने वायू बाजूच्या उंच धुराड्याकडे ओढले जातात. राख आणि धुराचा झिलईला स्पर्श होऊ नये म्हणून भांडी अग्निसह मातीच्या डब्यांत ठेवून ते डबे एकावर एक रचतात. या डब्यांना सॅगर म्हणतात.

आता वरील दोषाचे काय होते ते पाहावे. खाली उतरणाऱ्या वायूंच्या वाटांपैकी एखादी अधिक तापली, तर तेथील वायू हलका होऊन वर जाऊ पाहतो. त्यामुळे त्याचा खाली उतरण्याचा वेग कमी होतो. जी वाट थंड आहे तेथील वायू जड असल्याने सहज उतरतो आणि त्याच्या मागोमाग तप्त वायू त्या वाटेने येतो. म्हणजे तापलेल्या जागी प्रवाह मंदावतो आणि थंड जागी वाढतो. वर जाणाऱ्या ज्वालेच्या भट्टीत जो नियम भेद वाढवीत होता, तोच येथे भेद मिटवितो. मोठ्या भट्टीत शेकडो भांडी जवळजवळ सारखी भाजून निघतात, ती यामुळे.

लाकडावरही ही रचना चालते. १९७१ मध्ये पाँडिचेरी येथे रे मीकर व डेबोरा स्मिथ यांनी स्थापन केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीत स्टोनवेअर भाजण्यासाठी सुरूच्या लाकडाचा उपयोग करण्यात आला. लाकडाची ज्वाला लांब असते, म्हणून ती भट्टीच्या पोटात दूरवर पोहोचते. कोळशाच्या जाड थराला जाळीखालून येणारी हवा एकटी पुरत नाही. थरातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जाळण्यासाठी थराच्या वरूनही थोडी हवा द्यावी लागते. नवा कोळसा टाकताच धुराड्यातून काळा धूर निघतो आणि काही मिनिटांनी तो विरळ होतो. तो विरळ झाला नाही तर हवा अपुरी आहे असे समजावे.

धुराड्याची ओढ

तप्त वायू आपण होऊन खाली उतरत नाहीत. त्यांना ओढणारी शक्ती धुराड्यात असते. धुराड्यातील तप्त वायूंचा स्तंभ बाहेरील तेवढ्याच उंचीच्या हवेच्या स्तंभापेक्षा हलका असतो आणि या वजनातील फरकाने बाहेरची हवा भट्टीत ढकलली जाते. १० मीटर उंचीच्या धुराड्यात वायूंचे सरासरी तापमान ३२७ अंश असेल तर त्यांची घनता बाहेरील हवेच्या सुमारे निम्मी असते. तेव्हा मिळणारा दाब पाण्याच्या जेमतेम सहा मिलिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा होतो. एवढ्याशा दाबावर सबंध भट्टीचा श्वास चालतो. भुयारी मार्गात पडलेली एखादी वीट किंवा साठलेली राखही भट्टी गुदमरविण्यास पुरते, ती म्हणूनच. ज्वाला जितके फूट खाली उतरवावयाची असेल त्याच्या तिप्पट धुराड्याची उंची असावी, असा एक ढोबळ नियम भट्टी बांधणारे पाळतात.

धुराडे थंड असताना त्याला ओढ नसते. यास्तव भट्टी पेटविण्यापूर्वी धुराड्याच्या पायथ्याशी थोडा पेंढा जाळून ते तापवून घेतात. पुढे ओढ वाढत जाते आणि मग तिला आवर घालावा लागतो. त्यासाठी धुराड्याच्या तोंडाशी सरकती झडप असते. झडप फार उघडी राहिली तर ज्वाला भांड्यांशी न रेंगाळता धुराड्यात जाते आणि विटांच्या सांध्यांतून थंड हवा आत शिरते. ती फार बंद केली तर भट्टी धुराने भरते. पाहणीच्या झरोक्याशी पेटती उदबत्ती धरली असता तिचा धूर आत ओढला जातो की बाहेर ढकलला जातो, यावरून त्या जागी भट्टी श्वास घेत आहे की सोडीत आहे, हे कळते.

मुद्दाम कोंडलेली आग

हवा नेहमीच पुरेशी द्यावयाची असते असे नाही. मातीत लोहाचे ऑक्साइड असते. भरपूर हवेत ते तांबडे राहते, म्हणून आपली कौले व माठ तांबडे दिसतात. शेवटच्या टप्प्यात हवा कोंडली तर ऑक्सिजनसाठी आसुसलेला कार्बन मोनॉक्साइड या ऑक्साइडमधील ऑक्सिजन हिरावून घेतो आणि ते काळे पडते. शिवाय धुरातील कार्बनही छिद्रांत मुरतो. रसायनशास्त्रात या क्रियेला क्षपण म्हणतात. आझमगढ जिल्ह्यातील निझामाबादची चंदेरी नक्षीची काळी भांडी याच युक्तीने काळी होतात. एकच माती तांबडी निघावी की काळी, हे येथे केवळ हवेवर ठरते. लोहयुक्त झिलई अशाच आगीत फिकट हिरवी होते, तर तांब्याची झिलई हिरवी न होता लाल उतरते.

मात्र क्षपण म्हणजे अर्धवट ज्वलन. त्यात इंधन वाया जाते आणि तापमान वाढण्याची गती मंदावते. म्हणून जाणकार कारागीर ते मोजक्या वेळापुरतेच करतो.

उष्णता कशी ओळखावी

भट्टीच्या आतील रंग हे कारागिराचे सर्वांत जुने मापन. सुमारे ६०० अंशांना अंधारात मंद तांबूस झाक दिसते, ८०० ते ९०० च्या सुमारास आत लाल प्रकाश भरतो, १,१०० ला तो नारिंगी-पिवळा आणि १,२०० च्या पुढे पिवळसर पांढरा होतो. परंतु डोळा थकतो, आणि दिवसाच्या उजेडात तो फसतोही. इंग्लंडमधील जोसाया वेजवुड यांनी १७८२ मध्ये मातीच्या तुकड्यांच्या आकुंचनावरून तापमान मोजण्याची रीत मांडली. १८८६ मध्ये जर्मनीत हेरमान सेगर यांनी निरनिराळ्या मिश्रणांचे लहान शंकू तयार केले. प्रत्येक शंकू ठरावीक आचेला मऊ होऊन वाकतो. झरोक्यासमोर ओळीने तीन शंकू ठेवले की पहिला सूचना देतो, दुसरा योग्य क्षण दाखवितो आणि तिसरा उभा राहिला तर आच मर्यादेत आहे असे समजते.

विद्युत तापमापक त्या क्षणाचे तापमान अचूक सांगतो, तर शंकू भांड्यांवर झालेला उष्णतेचा एकंदर परिणाम सांगतो. तेच तापमान अधिक वेळ राहिले तर माती अधिक पक्व होते आणि शंकूही तसाच वाकतो. शिवाय एक शंकू वर आणि एक खाली ठेवला तर भट्टीच्या दोन भागांतील फरक दिसतो आणि झडप कोणत्या दिशेस सरकवावयाची ते ठरविता येते.

भट्टी थंड करणे

आग विझली म्हणजे काम संपले असे नव्हे. धुराडे अजून तप्त असते आणि त्याची ओढ चालूच राहते. झडप व अग्निकोष्ठांची तोंडे उघडी राहिली तर थंड हवा थेट लाल भांड्यांवर येते. ५७३ अंशांचा तोच टप्पा आता उतरताना पुन्हा लागतो आणि गारगोटी या वेळी आकसते. म्हणून झडप लावून सर्व तोंडे चिखलाने लिंपतात आणि भट्टी आपल्या गतीने निवू देतात. गिऱ्हाईक दाराशी उभे असले तरी भट्टी लवकर फोडू नये, या जुन्या शिकवणुकीला असा शास्त्रीय आधार आहे.

धूर म्हणजे काय

भट्टीत निर्माण झालेल्या उष्णतेचा थोडाच भाग भांड्यांना मिळतो. उरलेली उष्णता भिंती तापविण्यात आणि धुराड्यावाटे निघून जाण्यात खर्च होते. जपानमधील डोंगरउतारावरच्या भट्ट्यांत एका कोठडीतील तप्त वायू पुढच्या कोठडीला तापवितात. बोगद्याच्या आकाराच्या आधुनिक भट्टीत भाजून झालेल्या भांड्यांवरून हवा नेऊन तीच गरम हवा ज्वलनासाठी वापरतात. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे : बाहेर जाणाऱ्या उष्णतेकडून जाता जाता काम करून घेणे.

मुंबईतील धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेली कुंभार कुटुंबे कित्येक वर्षे कापसाचा टाकाऊ भाग व लाकडाचा भुसा जाळून घरांलगतच्या भट्ट्यांत माठ व पणत्या भाजीत आली आहेत. इंधन स्वस्त असते, पण त्याचा धूर त्याच गल्लीत राहणाऱ्यांच्या छातीत जातो. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात औष्णिक वीजकेंद्रे वगळता उद्योगांत कोळसा जाळण्यास १ जानेवारी २०२३ पासून बंदी करण्यात आली. बुलंदशहर जिल्हा या क्षेत्रात मोडतो. खुर्जा येथील अनेक कारखाने त्यापूर्वीच कोळशाकडून तेलाकडे व वायूकडे वळले होते. इंधन बदलले म्हणून नियम बदलत नाहीत. वायूच्या ज्वालकालाही योग्य प्रमाणात हवा लागते आणि झडप चुकीची ठेवली तर तेथेही इंधन वाया जाते.

नवी भट्टी बांधणे प्रत्येक कुंभाराला परवडत नाही. परंतु इंधन वाळवून वापरणे, ते थोडे थोडे टाकणे, भांड्यांत वायूला वाट ठेवून रचना करणे, सांधे लिंपणे आणि धुराकडे लक्ष ठेवणे यांना फारसा पैसा लागत नाही. काळा धूर म्हणजे विकत घेऊनही न जळलेले इंधन, आणि तेच शेजाऱ्याच्या घरात शिरते. तो कमी झाला म्हणजे कुंभाराचे पैसे वाचतात, भट्टीतून निघणाऱ्या पक्क्या भांड्यांची संख्या वाढते आणि गल्लीतील मुलांना श्वास घेणे सोपे जाते. भट्टीशी उभ्या असलेल्या माणसाने हवेची वाट समजून घेतली, तर ही तिन्ही कामे एकाच झडपेने साधतात.